त्याचाही रोजा होता

(भागाचा लिखित मजकूर. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधला खोकला आणि शेजारच्या मिक्सरचा आवाज काढून टाकलाय.)

कानात हेडफोन घालून बदलापूर लोकलच्या दारात उभे असाल तर आधी दोन पावलं आत सरका. सरकलात? हां, आता ऐका.

आजची गोष्ट एका उपासापासून सुरू होते. २ मार्च २०२५, रविवार. आपल्याकडे रमजानचा पहिला रोजा. सुट्टी होती, त्यामुळे पहाटे अम्मीच्या हातची सहेरी मिळाली आणि संध्याकाळी घरच्यांबरोबर इफ्तारी. सोमवारपासून मात्र माझी रात्रपाळी. मी राहतो अंबरनाथला, नोकरी महापेला. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका कंपनीच्या बिलांचं काम आम्ही इथून करतो. संध्याकाळी साडेसहाला कॅब येते. म्हणजे रमजानमध्ये माझी इफ्तारी कुठे होते? नेवाळी नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये. तिथली ट्रॅफिक ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, निवांत खजूर खाऊन होतो. आमचे ड्रायव्हरदादा आरशातून विचारतात, "भाई, झाली का वेळ?" आणि स्वतःची पाण्याची बाटली मागे देतात.

तर त्या सोमवारी, रात्री साडेआठला, नेहमीचा कॉल. तिकडे सकाळचे आठ. समोर युटाचा सहकारी, चाळिशीतला, तीन मुलांचा बाप. दोन वर्षं दर सोमवारी बोलत होतो आणि बोलणं काय, तर कोणतं बिल अडकलंय आणि तिकडे बर्फ पडला का. त्या दिवशी मी म्हटलं, "आवाज जरा बसका वाटेल, कालपासून आमचे उपास सुरू झालेत."

तो म्हणाला, "काल मीही उपाशी होतो."

मला वाटलं गंमत करतोय. विचारलं, "पाणी?"

"पाणीही नाही."

आता मला सांगा, अमेरिकन माणूस, गोरा, ख्रिश्चन, आणि पाण्याशिवाय उपास? मी बिलं बाजूला ठेवली.

तो मॉर्मन निघाला. खरं तर त्यांना हे नाव फारसं आवडत नाही. पूर्ण नाव लांबलचक आहे, द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. २०१८ पासून त्यांच्या चर्चनेच सांगितलंय की शक्यतो पूर्ण नाव घ्या, कारण आम्ही मॉर्मनला नाही, येशूला मानतो. मी हसलो. आम्हालाही इंग्रज 'मोहमेडन' म्हणायचे, आणि आमची तक्रार अगदी हीच, की आम्ही मुहम्मद पैगंबरांची पूजा करत नाही, अल्लाहची करतो. पहिल्याच कॉलमध्ये दोघांची तक्रार एक निघाली.

मग पूर्ण रमजानभर आमचं चालू राहिलं. कामाची वीस मिनिटं झाली की दहा मिनिटं ही.

त्यांच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास. साधारण दोन जेवणं सोडायची, आणि त्या जेवणाचे जे पैसे वाचले ते, जमलं तर त्याहून जास्त, गरिबांसाठी चर्चमध्ये द्यायचे. मला लगेच आमचा फितरा आठवला, ईदच्या नमाजाआधी गरिबाच्या घरी धान्य किंवा त्याचे पैसे पोचले पाहिजेत तो. मी त्याला जकात समजावली. वर्षभर शिल्लक राहिलेल्या ठरावीक मालमत्तेच्या वर चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के. तो म्हणाला, "आमच्याकडे उत्पन्नाचे दहा टक्के." मी म्हटलं, "भावा, मग मी आहे तिथेच बरा." (हसू)

दारू त्यांना मना, तंबाखू मना. इथवर ठीक. पण चहासुद्धा मना! कॉफीही. १८३३ पासूनचा नियम. हे मी अम्मीला सांगितलं तर ती अस्वस्थ झाली. "चाय भी नहीं? फिर वो बेचारा सुबह उठता कैसे है?" तेव्हापासून आमच्या घरात तो 'युटावाला बेचारा'.

आणि मग मोठी गोष्ट. त्यांचा संस्थापक जोसेफ स्मिथ. न्यूयॉर्क राज्यातला शेतकऱ्याचा मुलगा. १८२० साली, चौदाव्या वर्षी, रानात एकटा प्रार्थनेला गेला, कारण गावात चर्च चार आणि खरं कोणतं ते कळेना. तिथे त्याला दर्शन झालं असं ते मानतात. पुढे मोरोनी नावाच्या देवदूताने त्याला सोन्याच्या पत्र्यांवरच्या ग्रंथाबद्दल सांगितलं, आणि १८३० मध्ये 'बुक ऑफ मॉर्मन' छापलं गेलं. मी ऐकत होतो आणि डोळ्यांसमोर हिराची गुहा येत होती. इसवी सन ६१०, प्रेषित मुहम्मद (स.) एकांतात, आणि जिब्रील. एकांत, देवदूत, ग्रंथ. नंतर स्वतःच्याच लोकांनी छळणं, आणि शेवटी गाव सोडणं.

ही तुलना मला सुचली म्हणून मी खूश होतो. नंतर कळलं, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत जोसेफ स्मिथच्या विरोधकांनी ती आधीच केली होती. ते त्याला 'यांकी मुहम्मद' म्हणायचे. शिवी म्हणून! एकाच वाक्यात दोन धर्मांचा अपमान. म्हणजे आम्हा दोघांना कोणीतरी दोनशे वर्षांपूर्वीच एका पोत्यात भरलं होतं. फक्त आम्ही दोघं तेव्हा एकमेकांशी बोललो नव्हतो.

आता इथे जरा थांबतो. कारण इथपर्यंत गोष्ट गोड आहे, आणि पुढे मी माती खाल्ली.

त्याआधी एक सांगायला हवं. फेब्रुवारीत मी बदलापूरला भाड्याने घर बघत होतो. लग्न ठरलंय, अंबरनाथची आमची खोली लहान. पूर्वेला एक छान वन बीएचके मिळालं. गॅलरीतून डोंगर दिसतो, स्टेशनला चालत बारा मिनिटं. टोकन द्यायला खिशात पैसे घेऊन गेलो. मालकांनी चहा दिला, गप्पा मारल्या, माझं मराठी ऐकून कौतुक केलं. मग म्हणाले, "करारासाठी पूर्ण नाव सांगा." मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "अहो, एक नातेवाईक येणार आहेत, विसरलोच होतो." कप अजून गरम होता.

मी काही बोललो नाही. रिक्षात बसलो. राग नव्हता आला, खरं सांगतो, एक वेगळंच वाटत होतं. त्या माणसाच्या डोक्यात माझ्याबद्दल काहीतरी होतं, आणि ते मी भरलेलं नव्हतं. कुठल्या तरी फॉरवर्डने भरलं होतं. मनात सारखं एकच येत होतं, काका, एक प्रश्न तरी विचारायचा होता! मी उत्तर दिलं असतं.

ठीक. आता मार्चच्या मध्यावर या. सहेरीच्या आधीचा ब्रेक, पहाटेचे साडेतीन, मी कँटीनमध्ये मोबाइल घेऊन. यूट्यूबला कळतं ना आपण कशाबद्दल बोलतो ते, त्याने मला मॉर्मन लोकांवरचा एक व्हिडिओ दाखवला. टिंगलीचा. त्यांच्यात प्रौढ माणसं विधीपूर्वक दीक्षा घेतल्यावर कपड्यांच्या आत एक पवित्र वस्त्र घालतात, त्यावर जोक. मी हसलो. आणि पुढच्या सोमवारी कॉलवर, मोठा मित्र झाल्यासारखा, मी त्याला म्हटलं, "काय रे, ती जादूची बनियन आज घातली आहेस का?"

तो गप्प झाला. वाटलं नेटवर्क गेलं. मी दोनदा 'हॅलो, हॅलो' केलं.

मग तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या धर्मावर असे किती व्हिडिओ आहेत, तुला माहीत असेल. मलाही येतात. मी ते बघत नाही असं नाही. पण त्यातलं काही मी तुझ्यावर टाकलं नाही. मला काही कळलं नाही तर मी तुला विचारलं."

मंडळी, तो बदलापूरचा चष्मा पुसणारा माणूस आठवला मला. आणि लक्षात आलं, आज चष्मा माझ्या हातात आहे.

मी माफी मागितली. नीट, 'सॉरी यार' नाही. मग विचारलं, "ते वस्त्र काय आहे, सांगशील का? सांगण्यासारखं असेल तेवढंच." तो म्हणाला, देवाला दिलेल्या वचनाची आठवण अंगावर राहावी म्हणून. बस. एवढंच. यात हसण्यासारखं काय होतं? माझ्या वर्गातल्या जोशाचं जानवं शर्टाच्या आत असायचं, त्याला मी कधी हसलो नाही. हजला गेलेल्या अब्बांचं न शिवलेलं एहराम अम्मीने आजही कपाटात जपून ठेवलंय. मला अंगावरच्या पवित्र कापडाचा अर्थ माहीत होता. मीच तो व्हिडिओवाल्याकडून घ्यायला गेलो.

त्यानंतरच्या गप्पा बदलल्या. जास्त खऱ्या झाल्या. कारण आता जे जुळत नाही ते बोलायची पाळी होती.

मी त्याला सरळ विचारलं, "तुम्ही लोक तरुणपणी दोन-दोन वर्षं धर्मप्रचाराला जाता. तूही गेला असशील. मला बाटवायला तर नाही ना बसलास?" तो हसला. म्हणाला, "गेलो होतो. तू विचारलंस तर माझी श्रद्धा सांगेन, नाही विचारलंस तर नाही. पण तुमच्यातही दावत देतातच की." देतात. खरं आहे. दोघांचेही धर्म म्हणतात की आमचा मार्ग सर्वांसाठी खुला आहे. मग हा प्रश्न टाळून मैत्री कशी होईल?

मग जुळत नाही ते एकेक मांडलं. आमच्यासाठी मुहम्मद पैगंबर शेवटचे. त्यांच्यानंतर नबी नाही. त्याच्यासाठी जोसेफ स्मिथ नबी, आणि आज चर्चचा जो अध्यक्ष असतो तोही नबी. आमच्यासाठी ईसा अलैहिस्सलाम फार मोठे पैगंबर, त्यांच्या आईच्या, मरियमच्या, नावाची आख्खी सूरा कुरआनात आहे. पण ते देवाचे पुत्र नाहीत आणि सुळावर त्यांचा मृत्यू झाला असं आम्ही मानत नाही. त्याच्या श्रद्धेचा तर पायाच तो. आणि त्यांच्या मते ईश्वराला, पित्याला, शरीर आहे. आमच्या मते त्याच्यासारखं काहीच नाही.

यात तडजोड होत नाही. आम्ही केलीही नाही. 'सगळे धर्म शेवटी एकच' असं म्हणून सुटता आलं असतं, पण मग मी त्याचं ऐकलंच नाही असं झालं असतं, आणि त्यानेही माझं.

याच विषयावर मी पुढे एक गोष्ट वाचली. १९८५ साल, स्वीडन. स्टॉकहोमला मॉर्मन मंदिर उभं राहत होतं आणि लोकांचा विरोध. तिथले ल्युथरन बिशप क्रिस्टर स्टेंडाल, म्हणजे दुसऱ्या पंथाचे. ते मंदिराच्या बाजूने उभे राहिले आणि तीन नियम सांगितले. माझ्या शब्दांत सांगतो. एक, दुसऱ्याचा धर्म त्याच्या माणसांना विचारा, त्याच्या शत्रूंना नाही. दोन, आपलं सगळ्यात चांगलं आणि त्याचं सगळ्यात वाईट, अशी तुलना करू नका. तीन, त्याच्याकडचं काहीतरी बघून थोडा हेवा वाटू द्या. पहिला नियम मी मोडला होता. तिसरा मात्र मनापासून पाळतो. दर महिन्याला उपास करून त्या जेवणाचे पैसे मोजून बाजूला काढायचे, याचा मला हेवा वाटतो.

आता तुम्ही म्हणाल, हे युटाचं आम्हाला कशाला? सांगतो.

एकदा कॅबमधून मी त्याला मलंगगडाचा फोटो पाठवला. नेवाळीवरून संध्याकाळी काय दिसतो! त्याने विचारलं, "या डोंगरावर काय आहे? कोणाचं आहे?" मी उत्तर टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. कारण डोंगर आपल्याच अंबरनाथ तालुक्यातला आणि उत्तर एका ओळीत मावत नाही. मुसलमानांसाठी तिथे हाजी मलंग बाबांचा दर्गा, बाबा येमेनहून आले असं परंपरा सांगते. नाथपंथी हिंदूंसाठी तिथे मच्छिंद्रनाथांची समाधी. आणि वहिवाट पिढ्यानपिढ्या कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरात आहे, की १८१७ मध्ये व्यवस्था कोणी बघायची यावर वाद झाला, चिठ्ठ्या टाकल्या, आणि तीनही वेळा केतकरांच्याच बाजूची चिठ्ठी निघाली. १९८० च्या दशकापासून वाद पुन्हा तापलाय, राजकारण आलं, कोर्टकचेरी आली. हे सगळं मी त्याला लिहिलं. काही लपवलं नाही. त्याने एकच विचारलं, "तू स्वतः कधी वर गेलायस?" गेलोय, लहानपणी, आजोबांबरोबर. आजोबा विमकोत, काडेपेटीच्या कारखान्यात. त्यांच्याबरोबर पायऱ्या चढणारे त्यांचे दोस्त कारखान्यातलेच, आणि ते कोण कशासाठी डोकं टेकतोय हे वर पोचल्यावर एकमेकांना विचारायचे. तेव्हा मला ती साधी गोष्ट वाटली होती.

ईदचे कपडे घ्यायला उल्हासनगरला गेलो, कॅम्प दोनला. दुकानदार काका सिंधी, वय झालंय, पण गल्ल्यावर तेच. त्यांना मी हा युटाचा किस्सा सांगितला. म्हटलं, काका, त्या लोकांना त्यांच्याच देशात हाकललं. १८३८ मध्ये मिसूरीच्या गव्हर्नरने लेखी हुकूम काढला, यांना संपवा नाहीतर राज्याबाहेर घालवा. तो हुकूम रद्द व्हायला १९७६ उजाडलं. १८४४ मध्ये जमावाने जोसेफ स्मिथला तुरुंगात घुसून मारलं. मग उरलेले लोक बैलगाड्या घेऊन निघाले आणि १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या ओसाड खोऱ्यात पोचले.

काका म्हणाले, "बरोबर शंभर वर्षांनी आम्ही." माझ्या लक्षातच नव्हतं आलं! १९४७. सिंधमधून निघालेले लोक, कल्याणजवळची लष्करी छावणी, बराकी. १९४९ मध्ये त्या छावणीचं नाव उल्हासनगर झालं. मग काकांनी झुलेलालची गोष्ट सांगितली. सिंधमध्ये उडेरोलालला त्यांचं स्थान आहे, तिथे हिंदू झुलेलाल म्हणून येतात आणि मुसलमान त्याच जागी शेख ताहिर म्हणून, जिंदा पीर म्हणून. काका म्हणाले, "घर गेलं त्याचं दुःख आहेच बेटा. पण तिथे बाजूला उभा राहून दुवा मागणारा माणूस कसा दिसतो, ते आम्ही पाहिलं होतं. म्हणून सगळ्यांना एका मापाने मोजत नाही." आणि कुर्त्यावर शंभर रुपये कमी केले. मी आठवण करून दिली नव्हती, बरं का.

हे सगळं मी सोमवारी युटाला पोचवलं. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, त्याची खापरपणजी त्या खोऱ्यात चालत आली होती, मधे एक मूल वाटेत पुरून. घरात अजून तिचं नाव घेतात. मीही त्याला ६२२ ची हिजरत सांगितली, मक्केहून मदिनेला. पण त्या दिवशी तुलना करायची गरज वाटली नाही. फक्त सांगितलं.

जाता जाता एक. त्यांचे प्रचारक आपल्याकडे काल-परवा आलेले नाहीत. १८५२ मध्येच ह्यू फिंडले नावाचा त्यांचा माणूस मुंबईत आला, पुण्याला गेला, तिथे छोटी शाखाही उभी केली. ती टिकली नाही. आणि १९७८ मध्ये त्यांच्या चर्चने जगाला उद्देशून एक निवेदन काढलं, त्यात ज्यांना ईश्वरी प्रकाशाचा अंश मिळाला अशा थोरांमध्ये मुहम्मद पैगंबरांचंही नाव घेतलं. हे मला त्याने शेवटच्या आठवड्यात सांगितलं. मी विचारलं, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस? म्हणाला, "पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं मी काहीतरी विकतोय."

३० मार्च, रविवार. आमचा शेवटचा रोजा. एप्रिलच्या पहिल्या रविवारी त्यांचं मोठं अधिवेशन होतं, म्हणून त्यांच्याकडे महिन्याचा उपास एक आठवडा आधी घेतला. म्हणजे माझ्या पहिल्या रोज्यालाही तो उपाशी आणि शेवटच्यालाही. मी शिरखुर्म्याचा फोटो पाठवला. अम्मीने फोनवर ओरडून सांगितलं, "उसको बोल इसमें चाय नहीं है!"

आणि घर? मिळालं. बदलापूर पश्चिमेला. घरमालकीण काकू सत्तरीच्या. पूर्ण नाव सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि प्रश्न सुरू. "मटण रोज शिजवता का रे? पहाटे नमाजाला उठलास तर नळ सोडशील ना हळू? रात्रपाळी म्हणतोस, मग सूनबाई एकटी घाबरणार नाही का?" काही प्रश्न टोचले, खोटं कशाला बोलू. पण मी प्रत्येकाचं उत्तर दिलं. मग मी विचारलं, "काकू, तुमचा उपास कधी असतो? म्हणजे त्या दिवशी आम्ही वासाचं काही करणार नाही." त्या म्हणाल्या, "चतुर्थी आणि गुरुवार. लिहून ठेव."

लिहून ठेवलंय. फ्रीजवर लावलंय. त्याच कागदावर खाली तिसरी ओळ आहे, महिन्याचा पहिला रविवार, युटा. त्या दिवशी मी त्याला जेवणाचे फोटो पाठवत नाही.

चला, थांबतो. या आठवड्यात तुम्ही एक करा. ज्याच्याबद्दल तुमच्या फोनवर दहा व्हिडिओ आलेत, त्याला स्वतः एक प्रश्न विचारा. आणि तो काय म्हणाला ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. स्टेशन आलं असेल तर सांभाळून उतरा. भेटू पुढच्या भागात. खुदा हाफिज, नमस्कार.